मोमीन सरांचा हिरवा दिवा

"बाई, श्वास आवरा!"

मोमीन सरांचं माझ्याशी पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. मी परळीच्या कोळसा तपासायच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून त्याच दिवशी रुजू झालेली, आणि हा जाड भिंगांचा इंजिनियर मला श्वासच घेऊ देईना! मी हबकलेच.

आमचा वजनकाटा भलता हळवा. त्यावर चिमूटभर राख ठेवायची, काचेची दारं लावायची, पंखा बंद करायचा आणि आकडा थांबून हिरवा दिवा लागेपर्यंत गप बसायचं. एप्रिलातल्या परळीत पंखा बंद, सांगा आता! या काट्याला स्वयंचलित नियंत्रण बसवायचं काम सरांचं. पारडं वजनानं हललं की वाऱ्यानं, हे सर्किटनं ओळखायचं आणि वाऱ्याचा धक्का आपणच परतवायचा. दारं उघडी, समोर माणूस बसलेला, तरी दिवा लागला पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

"काट्यापुढं माणसानं मुडद्यागत ताठून बसायचं?" ते चिडून म्हणत. "जित्या माणसासाठी हाय की न्हाई हे यंत्र?"

परीक्षा स्वतःवरच. उघड्या दारांसमोर टेबलावर हनुवटी टेकून बसायचे आणि निवांत श्वास घ्यायचे. दिवा लागायचा, लगेच विझायचा. की पुन्हा सोल्डरिंग. मी शेजारी बोलत असले तर म्हणायचे, "तुमची बडबड लई जड हाय, बाई. दोन मिलिग्रॅम भरली आत्ता." बिस्किटांचा पुडा मात्र आधी माझ्यापुढं. अशा माणसावर रागवायचं तरी कसं!

गेल्या उन्हाळ्यातली ती दुपार अजून आठवते. सकाळपासून सर छाती चोळत होते. विचारलं तर म्हणाले, "पित्त हाय, दुसरं काई न्हाई. आज दिवा लागतोय बगा. तुमी चहा घेऊन या."

मी चहा घेऊन आले आणि दारातच थबकले. काचेची दारं उघडी, सर समोर हनुवटी टेकून बसलेले, आणि हिरवा दिवा लागलेला. विझायचं नावच घेईना!

"सर, लागला! अहो, लागला की!" मी ओरडलेच. ते हलले नाहीत. मला वाटलं, आनंदानं बोलती बंद झाली माणसाची. मी धावत गेले आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून काट्यात पाहिलं. मला धाप लागली होती.

माझा श्वास पारड्याला लागला, आणि दिवा विझला.

चहाचा कप हातातच राहिला. मी सरांच्या तोंडाकडं पाहिलं.

"सर," मी म्हटलं, "श्वास घ्या ना हो."