जगनशेटच्या गाडीचे दिवे

जगनशेटला नीट दिसत नाही, हे अख्ख्या गव्हाण गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस गाडीत त्याच्या शेजारीच बसायचं. भामा, त्याची बायको. संध्याकाळी उरण रस्त्याला कंटेनरच्या रांगा लागल्या की ती समोरच्या काचेकडे तोंड करून पुटपुटायला लागायची. खड्डा हाय. डाव्या अंगाला सायकलवाला. पुढचा थांबतोय. मागे कोणी बसलेलं असलं तर त्याला वाटायचं, बाईला नवऱ्याला गाडी शिकवायची हौस आहे. लोक हसत. भामा हसू देई.

ही सवय काही आजची नव्हे. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरचं मिठागर होतं. मिठाची भरलेली पाटी डोक्यावर घेतली की मान वाकवता येत नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि बांध एवढासा, दोन्ही बाजूंना खारं पाणी. म्हणून या घराची रीत होती, की एकाने रिकाम्या हाताने पुढे चालायचं आणि मागच्यांना सांगत जायचं. कोरडं हाय, निसरडं हाय, इथं बांध फुटलाय. तेव्हा पुढे जगन असायचा. इतक्या वर्षांत भामा एकदाही पाण्यात पडली नाही. मग मिठागर भरावाखाली गेलं, जमिनीचे पैसे आले, जगनचा जगनशेट झाला, दारात पांढरी गाडी उभी राहिली. सांगणारं तोंड तेवढं बदललं.

आता डोळे दाखवले का नाहीत, असं कोणीही शहाणं माणूस विचारील. पण गाडीचं बॉनेट चारचौघांत उघडायला ज्याला काही वाटत नाही, त्याला डॉक्टरपुढे पापणी उघडायची म्हटलं की कुठून लाज येते, ते त्याचं त्यालाच माहीत. शिवाय जगनशेटपाशी आरोपी तयार होता. दिवे. दिव्यांना जोर नाही. पिवळे पडतात. कंपनीने बारीकच दिलेत. त्याने बल्ब बदलले, मग त्याहून पांढरे घातले, मग काचा घासून घेतल्या. दर वेळी चार दिवस समाधान, की पुन्हा तेच.

आणि भामा मान डोलवायची. हो, बारीकच वाटतात. तिला दोन्ही दिवे रस्त्यावर लख्ख पडलेले दिसायचे, आणि ती म्हणायची बारीक वाटतात. हा तिचा गाढवपणा. तिला ती माया वाटायची.

तोवर सगळं निभावलं, कारण ती शेजारी असायची. पण त्या रविवारी मुलगा निकेश आला. तो आणि सून मनिषा विचुंब्याच्या नव्या इमारतीत राहतात, दोघंही नोकरीला. नात मनस्वीचा नवीन पनवेलला संध्याकाळचा क्लास सुरू झाला होता. निकेशने चहा पिता पिता ठरवूनच टाकलं, की मंगळवारपासून बाबांनी मनस्वीला क्लासमधून घरी आणायचं. जगनशेटची छाती फुगली. भामा घाईघाईने म्हणाली, मी पन बरोबर येते. निकेश म्हणाला, तू कशाला रोज हेलपाटे घालतेस, तुझे गुडघे आधीच दुखतात. आणि मनस्वीला पुढेच बसायला आवडतं.

म्हणजे भामाच्या जागेवर नात बसणार. कानात इअरफोन घालून.

रात्रभर भामाला झोप नाही. सकाळी तिने विषय काढून पाहिला. डोळ्यांचा शब्द निघाला की जगनशेट गोठ्याकडे चालू लागायचा, तसाच गेला. परत आला तो म्हणाला, नातीला न्यायचं तर दिवे पक्के करून घेऊ, कळंबोलीला दादूकडे जाऊ.

दादू ट्रकच्या वायरिंगची कामं करतो. लोखंड बाजारामागे त्याचं गॅरेज, म्हणजे तीन बाजूंना भिंती, वर पत्रा. ऊन उतरताना हे दोघं पोचले. दादूने आधी फ्यूज पाहिले, ते ठीक होते. बल्ब काढून बॅटरीला लावले, लख्ख पेटले. मग गाडी चालू ठेवून त्याने वायरींचा जुडगा हलवला, आणि डावा दिवा खरोखर मिणमिणला. जगनशेट असा पाहायला लागला जणू कोर्टात केस जिंकली. दादूने अर्थिंगची वायर ओढून काढली. टोकाला हिरवट-पांढरी खपली धरली होती, तांबं खाल्लेलं.

“काका, गाडी कुठल्या पाण्याने धुता?” त्याने विचारलं.

गाडी भामा धुवायची. रोज सकाळी, दारातल्या बोअरवेलच्या पाण्याने, पुढल्या जाळीवर बादल्या मारून मारून, का तर तिथे चिलटं चिकटतात. आणि ते पाणी खारं. उभा जन्म मिठागरात गेला, मीठ लोखंडाची काय गत करतं ते हिने पाहिलेलं, पण गाडी चकचकीत दिसते ना, म्हणून रोज बादल्या.

जगनशेट इतका खूश झाला की त्याने दादूच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, बघ, घरचाच चोर निघाला, आनि आमी कंपनीला शिव्या घालतोय. मग भामाकडे वळून हळूच म्हणाला, “माजे डोळे नाय गो. तुजा पानी.”

भामालाही क्षणभर तेच हवं होतं. दिवाच खराब होता, तर मग झालं. माणसाला जे हवं असतं ते किती पटकन पटतं.

दादूने टोक कापून नवं बसवलं, ग्रीस लावलं. मग दिव्यांची उंची लावायची म्हणून गाडी समोरच्या भिंतीसमोर उभी केली आणि भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेला लागली पाहिजे. वर गेली तर समोरच्याच्या डोळ्यांत, खाली राहिली तर आपल्याला रस्ता दिसत नाही. जगनशेट सीटवर बसला, भामा दाराशी उभी. दादू बॉनेटमध्ये स्क्रूवर वाकलेला, त्याचं तोंड खाली. त्याने आतूनच सांगितलं, की स्टिअरिंगजवळ दिवा वर-खाली करायची चकती आहे, ती आधी शून्यावर ठेवा.

जगनशेटचा अंगठा चकतीवर गेला. तो वाकला नाही, आकडा पाहिला नाही. पाहून उपयोग नव्हता. चकती अडेपर्यंत फिरवली, उलट्या टोकाला. भिंतीवरचा उजेड सरसर खाली आला आणि रेघेच्या हातभर खाली थांबला. दोन्ही दिवे आता ठणठणीत, उजेड असा की भिंतीवरचे पोपडे मोजून घ्यावेत.

“काका, लागली का रेघेला?” दादूने विचारलं.

“लागली,” जगनशेट म्हणाला.

लगेच म्हणाला. पण म्हणून झाल्यावर तो थांबला, मान जराशी भामाकडे कलती करून. भामाने ती मान ओळखली. रोज रस्त्यावर तो असाच थांबायचा, ती सांगेपर्यंत. तिने फक्त हं म्हणायचं होतं.

भामा भिंतीवरच्या रेघेकडे पाहत राहिली.

“भामे?” तो म्हणाला. एवढासा आवाज.

तिच्या डोळ्यांपुढे मनस्वी आली, पुढच्या सीटवर, कानात इअरफोन.

“रेघ वर हाय,” ती म्हणाली. “लाईट हातभर खाली हाय. तुमाला दिसत नाय.”

दादूने डोकं वर काढलं. भिंतीकडे पाहिलं, मग जगनशेटकडे, आणि पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. नसता वाकला तरी चाललं असतं. जगनशेटने दिवे बंद केले. नको तेवढ्या हळू त्याने किल्ली काढली आणि डॅशबोर्डवर ठेवली.

गाडी दादूनेच गव्हाणला आणून सोडली. भामा मागे बसली, आणि नवऱ्याच्या ऐकण्यात निकेशला फोन लावून सगळं सांगितलं. वर्षभर आपण पुढे बसून काय करत होतो, तेही.  निकेशने आईलाच फैलावर घेतलं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

पनवेलच्या डॉक्टरीण बाईंनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची तर रोज थेंब घालायचे, आणि गाडीला हात लावायचा नाही. वर्षभर आधी आला असता तर, असं त्या म्हणाल्या आणि वाक्य अर्धं सोडलं. भामाने ते मनातल्या मनात पुरं केलं.

आता ती रिक्षाने जाऊन मनस्वीला आणते. गुडघे दुखतात, दुखू देत. गाडी दारात धूळ खाते. तिच्यावर बादली मारायची हिंमत भामाला होत नाही. ती थेंब घालते तेव्हा जगनशेट डोळे उघडतो, पण तिच्याशी बोलत नाही.

परवा दवाखान्यातून खाली उतरताना ती सवयीने पुढे झाली आणि म्हणाली, पायरी हाय.

“दिसतेय मना,” तो म्हणाला. इतक्या दिवसांतलं हे पहिलं वाक्य. आणि पाय हवेत धरून चपलेच्या टोकाने पायरी चाचपत राहिला.

भामा तिथेच थांबली.

“पुढं आजून एक हाय,” ती म्हणाली.