मला काय धाड भरलीय?

आजारी माणूस दवाखान्यात आला की मुकाट हात पुढे करतो. धडधाकट माणूस भांडतो! आणि आमच्याकडे येतात ते सगळे धडधाकटच. सीवूड्सला आमचं हेल्थ चेकअप सेंटर आहे, मी तिथे रक्त काढते. वर्षातून एकदा तपासून घ्या, एवढंच आम्ही सांगतो. समोरून ठरलेलं उत्तर येतं, "मला काय धाड भरलीय?" रोज हे ऐकल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय! दुपारी आमच्या डॉक्टर मॅडम, रिसेप्शनवरची प्रणिता आणि मी डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "अगं, आज काय झालं ऐक..."

*

एका कंपनीने सगळ्या स्टाफला चेकअप कम्पल्सरी केलं. एक तिशीतला मुलगा तणतणतच आला. "एचआरने पाठवलं म्हणून आलोय. मला स्वतःबद्दल काहीही जाणून घ्यायचं नाहीये!"

मॅडमनी शांतपणे प्रश्न सुरू केले.

"सिगरेट?"

"सोशली."

"दारू?"

"ती पण सोशली."

"व्यायाम?"

"तो पण सोशलीच. मित्र जिमचे फोटो टाकतात, मी लाइक करतो!"

*

उलव्याच्या एका सोसायटीत आम्ही कॅम्प लावला होता. चेअरमन आदल्या दिवशी दारोदार फिरले होते, "एकही फ्लॅट सुटता कामा नये!" सकाळी त्यांनी रिबन कापली, भाषण ठोकलं, आणि माझ्या हातात सुई दिसताच साहेब गायब!

सेक्रेटरी पार्किंगमध्ये शोधून आले. वॉचमन गच्चीवर जाऊन आला. लोक रांगेत हसायला लागले. शेवटी चेअरमनच्या मिसेसनी माइक हातात घेतला. सगळी बिल्डिंग ऐकतेय, आणि बाई म्हणतात,

"अहो, पंपरूमची कडी काढा. सुई लहान आहे!"

*

माझी सासू दिवाळे गावची कोळीण. अजून रोज पाटी घेऊन बाजारात बसते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मागे लागले होते, "आई, एकदा चेकअपला चला." तिचं एकच, "मना काय झालाय?" मग यंदा होळी झाल्यावर स्वतःच म्हणाली, "चल, बगू दे तुजी मशीन."

शुगर उत्तम. बीपी माझ्यापेक्षा बरं! फक्त ऐकायला कमी येतं असं निघालं. मॅडम मोठ्याने म्हणाल्या, "मावशी, कानाचं मशीन घ्या. सगळं स्पष्ट ऐकू येईल."

सासू ताडकन उठली. "नको गो बाय! गिऱ्हाईक भाव पाडतं, ते मना आयकू येत नाय. म्हनून तं धंदा चाललाय माजा!"

*

दुसऱ्यांना वर्षातून एकदा या म्हणून सांगणाऱ्या आमच्या मॅडम स्वतः कधी तपासून घ्यायच्या नाहीत. विषय काढला की म्हणायच्या, "मी डॉक्टर आहे. मला कळतं माझं." प्रणिता वैतागली. एका सोमवारी तिने पहिल्या अपॉइंटमेंटला मॅडमचंच नाव टाकलं.

"पेशंटला आत पाठव," मॅडम म्हणाल्या.

"आलाय आत," प्रणिता म्हणाली. "तुमच्याच खुर्चीत बसलाय."

मॅडम चिडल्या, पण तोवर मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला होता. बीपी चांगलंच वर! "मशीन बिघडलंय," मॅडम म्हणाल्या. दुसरं आणलं. "हेही बिघडलंय!" मग त्याच मशीनवर प्रणिताचं मोजलं, नॉर्मल. मॅडमचं परत तेवढंच. पुढचे काही दिवस आम्ही मोजत राहिलो, आकडा हटेना. मग त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या, पेशंटसारख्या बाकावर बसल्या, आणि गोळी सुरू झाली.

आता कुणी छाती फुगवून म्हणालं, "मला काहीच त्रास नाही," की मॅडम म्हणतात, "मलाही नव्हता. तरी रोज गोळी घेते!"

*

कांबळे बाई नेरुळच्या एका शाळेत शिकवतात. मे महिन्याच्या सुट्टीत सहज म्हणून चेकअपला आल्या होत्या. त्रास काहीच नव्हता. मॅमोग्राफीत गाठ दिसली, हाताला लागतही नव्हती इतकी बारीक. पुढच्या तपासण्या झाल्या आणि कॅन्सरच निघाला.

रिपोर्ट सांगताना मॅडमचा आवाज खाली गेला. मी दार लोटून घेतलं. बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, मोठ्याने बोला. आणि सिस्टर, दार उघडा. मी काय चोरी केलीय?"

ऑपरेशनमध्ये एका बाजूची छाती काढली, औषधं झाली, केस गेले, केस परत आले. बाई पुन्हा फळ्यासमोर उभ्या राहिल्या. दरवर्षी तपासणीला न चुकता येतात.

यंदा त्या बसलेल्या असताना मॅमोग्राफीच्या दाराशी एक बाई अडून उभी राहिली. तिचं आपलं, "नको, मला लाज वाटते. आणि काही निघालं तर?" प्रणिता समजावून थकली. तेवढ्यात कांबळे बाई अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाल्या,

"अगं जा! माझी एक गेली, पण मी राहिले की!"

*

कामोठ्याचं एक जोडपं. मुलाने वडिलांना वाढदिवसाला चेकअपचं पॅकेज दिलं होतं. सावंत काका तपासणीला, आणि काकू त्यांचा डबा आणि पाण्याची बाटली सांभाळायला! मॅडमनी सहज विचारलं, "काकू, तुमची तपासणी कधी झाली होती?"

काकाच बोलले, "तिला काय करायचीय? ती कधी आजारीच पडत नाही!"

काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. डबा त्यांच्या मांडीवर ठेवला, बाटली हातात दिली आणि बाही वर केली. "सिस्टर, माझंही रक्त घ्या."

"काकू, उपाशी असावं लागतं," मी म्हटलं.

"उपाशीच आहे. ह्यांच्या आधी कधी खाल्लंय मी?"

काकांचे रिपोर्ट छान आले. काकूंच्या अंगात रक्तच नव्हतं म्हणा ना! मॅडम रिपोर्ट बघून म्हणाल्या, "तुम्ही जिने कसे चढता?" काकू म्हणाल्या, "थांबत थांबत. वाटलं, वय झालं." काका खाली मान घालून ऐकत होते. पुढच्या तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली, आणि दिवाळीपर्यंत काकूंच्या चेहऱ्यावर रंग आला.

त्यानंतर एका शुक्रवारी सकाळी आम्ही शटर उघडतोय तोच समोर दोन रिक्षा थांबल्या. एकीतून सावंत काकू उतरल्या. मागोमाग त्यांच्या बिल्डिंगमधल्या चार-पाच जणी. काठपदराच्या साड्या, केसात गजरे, हातात ओटीची ताटं!

प्रणिता बघतच राहिली. "काकू, लग्नाला चाललात का सगळ्या?"

"कसलं लग्न! ह्या सगळ्यांचं चेकअप करायचंय."

"आत्ता? अहो, पण रक्ताला उपाशी..."

"सगळ्या उपाशीच आहेत," काकू ताट काउंटरवर ठेवत म्हणाल्या. "घरी सांगून आल्यात, देवीला चाललोय!"