सुई खाली ठेवा

माण तालुक्यातल्या आमच्या घरमालकीणबाई रोज दुपारी येऊन माझ्या गोधडीवर बसतात, अगदी खरोखरच गोधडीवर. नातवाच्या बारशासाठी मी आईच्या विरत आलेल्या लुगड्यांची गोधडी शिवतेय आणि बारसं रविवारी आहे. माझी बारीक सुई त्यांना बघवत नाही. "हिनं काय डास टोचताय?" म्हणत त्या स्वतःची दाभणासारखी सुई चालवतात. टाके सरळ येतात, पण लुगड्याला भोकं पडतात. त्या गेल्या की मी गुपचूप उसवते आणि माझे वाकडे टाके घालते.

परवा आईच्या पदरालाच भोक पडलं. मी वैतागून त्यांची सुई त्यांच्यापुढे धरली. "ही घ्या आणि उद्यापासून येऊ नका."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "खाली ठेवा. सुई हातात दिली की भांडण हुतं."

"मग आता काय चाललंय?"

"ह्ये साधं हाय. सुईचं भांडण मिटत न्हाई."

मी सुई खाली ठेवली. त्यांनी ती उचलून स्वतःच्या पदराला टोचली आणि माझी बारीक सुई घेऊन दोरा ओवायला बसल्या. नेढं काही दिसेना. चहा झाला तरी ओवतच होत्या.