बायकांच्या वतीने उत्तर

यंदा जानेवारीत आमच्या बॉनच्या घरी दरवर्षीसारखं स्कॉटिश जेवण झालं. जेवण नवऱ्याच्या देशाचं, आणि नवरा ऑक्टोबरमध्ये गेलेला. त्यामुळे ते करावं की नाही यावर घरात दोन मतं पडली. माझं तिसरं असं काही नव्हतं. ऑक्टोबरपासून मला कशाबद्दलच मत उरलं नव्हतं.

पुण्याहून वहिनी फोनवर म्हणाली, "वर्षभर आपल्याकडे सण नाही गं. गोडधोड नाही, तळण नाही. दिवाळीला पाळलंस ना? मग आता हे कशाला?"

मुलगी ड्युसेलडॉर्फला असते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते जर्मनमध्ये, अगदी लहानपणापासून. ती म्हणाली, पापाला हे आवडलं असतं, केलंस तर मी येते.

मी दोघींनाही "बरं" म्हटलं. मग स्वतःची समजूत घातली की सण त्याचा आहे, मी आपली नुसती स्वयंपाकीण. गोड काही करायचं नाही, एवढं वहिनीचं ऐकलं. एरवी शेवटी क्रीम, भाजलेले ओट्स आणि रासबेरी असं काहीतरी गोड असायचं, ते रद्द केलं. व्हिस्कीबद्दल वहिनी काही बोलली नव्हती आणि मीही विचारायला गेले नाही.

खरं कारण वेगळंच होतं. तो गेल्यानंतर मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी करून बसले. श्टांडेसआम्टमधून, म्हणजे नोंदणी कचेरीतून, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती आणायच्या, बँकेला कळवायचं, पेन्शनवाल्यांना कळवायचं, त्याची जिमची मेंबरशिप बंद करायची. जर्मनीत माणूस गेला की निदान चार आठवडे पुरेल एवढा कागद असतो. मी तो तीन आठवड्यांत संपवला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मामा, दू फुंक्तिओनिअर्स्ट नूर." म्हणजे आई, तू नुसती चालू आहेस, यंत्र असतं तशी. त्यानंतर ती घरी आली नव्हती. फोन यायचे, छोटे छोटे.

तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. वाटलं, आत काही अडकलेलं असेल तर ते त्या टेबलावरच सुटेल. आणि तिथेही नाही सुटलं, तर मुलीचंच खरं. याची मला भीती वाटत होती. तेवढी एकच गोष्ट वाटत होती.

हे जेवण म्हणजे स्कॉटलंडच्या एका लाडक्या कवीचा वाढदिवस. मेंढीचं काळीज-फुप्फुस बारीक करून ओट्स, कांदा आणि मिरपूड घालून केलेला हॅगिस नावाचा मोठा गोळा असतो, सोबत कुस्करलेला बटाटा आणि कुस्करलेला सलगम. गोळ्यासमोर उभं राहून आख्खी कविता म्हणायची आणि मधेच त्यात सुरी खुपसायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करतोय. चव मात्र ओळखीची निघाली. माझ्या माहेरी वजडी होते, त्यामुळे मी नाक मुरडलं नाही, आणि याच गोष्टीवर सासूबाई माझ्यावर कायमच्या खूश झाल्या.

सलगमासाठी इथला पिवळा कंद मिळतो, श्टेकऱ्यूबे. पहिल्या वर्षी तो मला इतका मिळमिळीत लागला की मी त्याला मोहरी, हिंग आणि दोन लाल मिरच्यांची फोडणी दिली. नवरा बघतच राहिला. मग दोनदा मागून घेतला. तेव्हापासून आमच्याकडे फोडणीचाच.

यंदा माणसं चारच. मी, मुलगी, एडिनबराहून आलेले मोठे दीर आणि खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई. बाईंना लवकर झोपायचं असतं आणि मुलीला परतीची ट्रेन होती, म्हणून संध्याकाळऐवजी दुपारी एकलाच बसायचं ठरलं. दीर येताना जाऊबाईंनी केलेल्या बिस्किटांचा डबा घेऊन आले. दुखवट्याच्या घरात गोड बाहेरून यावं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी नंतर पुण्याला कळवलं, तर वहिनी म्हणाली, बघ, माणसं चांगली आहेत हो.

कविता दिरांनी फोनमध्ये बघून वाचली. सुरी खुपसली. वाफ आली. खालच्या बाई दरवर्षीचं तेच म्हणाल्या, की आमच्या फाल्झ प्रांतात डुकराच्या पोटात भरून असंच करतात, फक्त त्याला कविता नाही ऐकवत. मग श्टेकऱ्यूबेचा घास घेऊन थांबल्या. युद्धानंतर लहानपणी त्यांनी तो इतका खाल्लाय की एरवी त्या त्याला हात लावत नाहीत, फक्त आमच्याकडे खातात. म्हणाल्या, "आज यात काहीतरी कमी आहे, नाही का?"

मी फोडणी विसरले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, राहिलीच." आणि मीठ पुढे सरकवलं.

आता राहिली होती भाषणं. त्या जेवणात एक रीत आहे. पुरुषांपैकी एकाने उठून बायकांची टिंगल करत त्यांच्या नावाने ग्लास उंचावायचा आणि मग बायकांच्या वतीने एकीने उठून त्याला उत्तर द्यायचं. आमच्याकडे टोस्ट नेहमी नवऱ्याचा, उत्तर माझं. तो सकाळी कुठल्यातरी पाकिटाच्या पाठीवर चार ओळी खरडायचा. माझं उत्तर मराठीत. पाहुण्यांना ओ की ठो कळायचं नाही, पण सगळे हसायचे, कारण मी हातवारे करून बोलायचे. एरवी वर्षभर मी त्याला अरेतुरे करायचे. त्या दिवशी मात्र मुद्दाम पदर नसताना पदर सावरायचा आणि सुरुवात करायची, "अहो, ऐकलंत का!" आणि मी पुढचं काही बोलायच्या आत तो टेबलाच्या त्या टोकावरून ओरडायचा, "ऐकलं!" शेवटची काही वर्षं त्याला कमी ऐकू यायचं. श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये पडून असायचं. म्हणून मला दोनदा म्हणावं लागायचं, दुसऱ्यांदा जरा ओरडून.

दीर म्हणाले, "टोस्ट मी करू का? तुला चालणार असेल तर."

मी नको म्हटलं. तो टोस्ट त्याचा. दिरांनी मान हलवली. मग खालच्या बाई निरागसपणे म्हणाल्या, "पण मग तुमचं भाषण? ते तर मला सगळ्यांत जास्त आवडतं. आल्झो, म्हणजे मला त्यातलं काही कळत नाही ती गोष्ट वेगळी."

मुलगी बशीत बघत होती. काट्याने बटाट्यावर रेघा ओढत होती. मला दिसलं की ती वाट बघते आहे, मी आता भांडी उचलायला उठते का याची. मी उठलेच असते.

मी ग्लास घेऊन उभी राहिले. पदर सावरला. स्वेटरवरून हात फिरला नुसता. म्हटलं, "अहो, ऐकलंत का!"

आणि थांबले. दरवर्षी तिथे थांबायचं असतं म्हणून थांबले. टेबलाच्या त्या टोकाला बिस्किटांचा डबा होता. मुलीने तोंड उघडलं. तो शब्द तिलाही पाठ होता, जन्मल्यापासून ऐकत आली होती. तिने तोंड परत मिटलं आणि त्यावर हात ठेवला. ती तो शब्द बोलली नाही, याबद्दल मी आजही तिची आभारी आहे.

मला वाटलं, त्याला ऐकू गेलं नसेल. खरंच वाटलं, एक क्षणभर, अगदी सहज. म्हणून मी दुसऱ्यांदा म्हटलं, जरा ओरडून. "अहो, ऐकलंत का!"

तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. त्यामुळे पुढे काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी तशीच उभी राहिले. मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. व्हिस्की टेबलक्लॉथवर सांडत होती.

"त्याला ऐकू आलं नाही गं," मी म्हटलं.

"नाइन, मामा," ती तिच्या जर्मनमधून नाही म्हणाली, आणि तिने मला धरून खाली बसवलं.