ओठांनी बोलणारी मावशी

आमच्या इथली कापड गिरणी बंद पडून बावीस वर्षं झाली आणि मग एके दिवशी ती प्रेक्षणीय स्थळ झाली. भिंती धुतल्या, वखारीत उपाहारगृह काढलं, हजेरीच्या खिडकीत तिकिटं ठेवली. त्या खिडकीत मी बसते. माझी आई आणि मावशी याच खिडकीवर दोन मिनिटं उशीर झाला म्हणून बोलणी खायच्या. आता लोक तिकीट काढून हसत हसत आत जातात.

मावशीला परत बोलावलं ते नाइलाजानं. सहा माग दुरुस्त झाले, पण तुटलेल्या धाग्याला झटकन गाठ कशी मारायची, ते शिकल्यासवरल्या इंजिनियरांपैकी एकालाही येईना. मावशीनं अठ्ठावीस वर्षं माग चालवलेले. तेव्हा तिनं माग चालवायचे आणि पाहुण्यांना माहितीही सांगायची असं ठरलं. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. आई गेल्यापासून तिला घर नुसतं खायला उठत होतं.

पंचाईत झाली ती माग सुरू झाल्यावर. पाहुण्यांच्या कानात माहिती ऐकायची यंत्रं, मावशीच्या गळ्यात माइक, सगळं झकास. पण खडखडाट सुरू झाला की बाईचा आवाज बंद! नुसते ओठ हलायचे. पूर्वी तिथे सगळ्या बायका अशाच बोलायच्या. एवढ्या आवाजात ओरडून घसा कशाला फोडायचा? समोरच्या मागावरची बाई ओठ बघायची आणि तसंच उत्तर द्यायची. अठ्ठावीस वर्षांची ती सवय हाडीमाशी खिळलेली. मावशी हातवारे करून रंगात यायची आणि पाहुणे कानातली यंत्रं काढून फुंकर मारत बसायचे. दिवसातून दहा वेळा माझ्या खिडकीवर तक्रार, यंत्र बिघडलंय म्हणून. शेवटी शेवटी मी त्यांच्यावर खेकसायला लागले.

आमचे व्यवस्थापक भले गृहस्थ, पण फार नीटनेटके. ते म्हणाले, ‘‘मावशी, पंधरा दिवस बघू. नाहीतर मग माहिती ध्वनिमुद्रित करून घेऊ. बटण दाबलं की सुरू. तुम्ही आपलं घरी आराम करा.’’

‘‘आराम म्हणे!’’ मावशी घरी येऊन कडाडली. ‘‘त्या बटणाला गाठ मारता येते का विचार त्यांना.’’

मग आमची शिकवणी सुरू झाली. मी स्वयंपाकघरात मिक्सर लावायची आणि म्हणायची, ‘‘हं, बोल आता.’’ मिक्सर घरघरला की मावशी मुकी. बंद केला की, ‘‘बोलले की गं!’’ आठवडाभरात मिक्सर जळला, मावशी होती तिथेच. त्या दिवशी ती ओट्याला टेकून मला दिसेल न दिसेल अशी, आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणाली, ‘‘मला तिथनं काढलं तर मी कुठे जाऊ?’’

‘‘कुठे जायची गरज नाही,’’ मी म्हणून गेले.

मावशीनं डोळे बारीक केले. ‘‘तुला कळलं?’’

झालं, भांडं फुटलं. लहानपणी आई आणि मावशी जेवताना माझ्यादेखत असंच ओठांनी बोलायच्या. माझे गुण, शेजारणीची सून, पुढे माझ्यासाठी आलेली स्थळं, सगळं. मी ताटात बघितल्यासारखं करून वाचायला शिकले होते आणि कधी पत्ता लागू दिला नव्हता.

‘‘म्हणजे इतकी वर्षं? चोर कुठली!’’ मावशीनं माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि तिथेच आम्हाला दोघींना एकदम सुचलं.

पंधराव्या दिवशी मी उपाहारगृहातल्या आचाऱ्याला खिडकीत बसवलं आणि माइक माझ्या गळ्यात घालून समोरच्या मागाशी उभी राहिले. मावशीनं ओठांनी बोलायचं, मी आवाजानं. अठरा पाहुणे होते आणि मागे हाताची घडी घालून व्यवस्थापक. निकाल आधीच सांगून टाकते, मावशी राहिली. मुकादमाला ओठ वाचता येत नसत, म्हणून बायका त्याच्या नाकासमोर त्याच्या टकलाची चर्चा करायच्या, हे मी सांगितलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं व्यवस्थापकच हसले. त्यांना स्वतःलाही टक्कल आहे.

पण मला सांगायचंय ते पुढचं. मावशीच्या मागावर धागा तुटला. तिनं तेवढा माग थांबवला आणि वाकून गाठ मारायला लागली. बाकीचे पाच खडखडतच होते. हात चालू, ओठ चालू, नजर माझ्याकडे. मी तिच्या जोडीनं भरधाव सुटलेली, कसला विचार न करता बोलत होते, ‘‘धागा ओला करायचा, चिमटीत धरायचा. बघतेस ना ताई, तुझीच पोरगी उभी आहे तुझ्या जागेवर. बडबडते अगदी तुझ्यासारखी.’’

एवढं मोठ्यानं बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. ज्या फरशीवर मी उभी होते, तिथे माझी आई सव्वीस वर्षं उभी होती. मला ते माहीत होतं, पण असं कधी लागलं नव्हतं. अठरा माणसं माझ्याकडे बघत होती आणि कानात काहीच येत नाही म्हणून दोघांनी यंत्रं काढलीसुद्धा.

मावशीनं गाठ पक्की केली, माग सुरू केला आणि माझ्याकडे बघत ओठ हलवले.

मी डोळे पुसून तेही माइकमध्ये सांगितलं, ‘‘थांबू नकोस गं. लोकांनी तिकीट काढलंय.’’