रस्त्याकडे पाठ केलेल्या कुंड्या

कापडाच्या मोठ्या दुकानात त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. दर्शनी काच सजवायची. दुकानात त्यांना 'काचवाले' म्हणत आणि पुढे गल्लीतही तेच नाव चिकटलं. पुतळ्यांवर कपडे चढवायचे, चुण्या टाचणीनं बसवायच्या, उंच ते मागे, बुटकं ते पुढे आणि मधे हातभर जागा मोकळी. "डोळ्याला टेकायला जागा हवी," असं त्यांचं म्हणणं. सगळं झालं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचं, मान तिरकी करून बघायचं, परत येऊन एक टाचणी हलवायची, की पुन्हा पलीकडे. बायको म्हणायची, "यांचं अर्धं आयुष्य रस्ता ओलांडण्यात गेलं आणि उरलेलं पलीकडे उभं राहण्यात."

निवृत्त होऊन पाच महिने झाले नाहीत तोच एका सकाळी तिच्या हातातलं पातेलं सुटलं आणि पाठोपाठ ती. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. देवानं हात नेला, पाय नेला, पण जीभ ठेवली. शब्द अडखळत यायचे, धार मात्र जुनीच होती. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं पहिली गोष्ट सांगितली, "मला आतल्या खोलीत ठेवा. पडदा लावा."

दारावरून जाणाऱ्याला दोन शब्द बोलल्याशिवाय जाऊ न देणारी बाई. आता शेजारीण आली तर ती झोपेचं सोंग घ्यायची. डॉक्टरांसमोरसुद्धा चादर हनुवटीच्या वर ओढायची. तिनं एकदा तरी त्या पडद्याबाहेर यावं, एवढंच काचवाल्यांचं मागणं होतं. रोज सकाळी देवापुढे उभं राहून ते तेवढंच मागत.

मागणाऱ्यानं आपले हातही हलवावेत, या विचारानं असेल, त्यांनी बाहेरची गॅलरी सजवायला घेतली. चार पावलं लांब, दीड पाऊल रुंद. जुने डबे रंगवले, विटा रचून पायऱ्या केल्या. उंच झाडं दाराशी, त्यापुढे जास्वंद आणि शेवंती, कठड्याशी सदाफुली आणि मधे हातभर जागा मोकळी. लेकीनं अनंताचं रोप आणून दिलं. आईच्या माहेरी दारात अनंत होता, म्हणून. ते सगळ्यांत पुढे, डाव्या कोपऱ्यात ठेवलं. मग ते जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि मान तिरकी करून वर पाहिलं. येणारेजाणारेही थांबून बघत होते. ते हरखून वर आले.

"लोक काय म्हणतात ऐकलंस? म्हणे बागच उतरलीये!"

तिनं पडदा बाजूला करायला लावला. आतल्या खाटेवरून बाहेरच्या खोलीतून सरळ गॅलरीपर्यंत नजर जायची. बराच वेळ बघून ती म्हणाली, "अहो... मला नुसते बुडखे दिसतात."

एकतीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी गॅलरीचीही काचच केली होती. शोभा सगळी रस्त्याला आणि घराला पाठ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा डाव उलटा मांडला. उंच झाडं कठड्याशी, बुटकी दाराशी. पण झाडं कुणाचं ऐकतात? चार दिवसांत सगळ्यांच्या माना उजेडाकडे, म्हणजे पुन्हा रस्त्याकडे. मग त्यांनी नेम धरला. देवाचं झालं की प्रत्येक कुंडी जराशी फिरवायची, फुलांचं तोंड घराकडे आणायचं. ती आतून सांगायची, "शेवंती अजून रुसलेलीच आहे. जरा वळवा." निदान पडदा उघडा राहू लागला. पण दाराची बेल वाजली की तिचा डावा हात आधी पडद्याकडेच जायचा.

अनंताला सात कळ्या धरल्या. तो तिच्या रेषेत यावा म्हणून त्यांनी कोपऱ्यातून मधे आणला, रोज थोडा फिरवला, नाही आवडला म्हणून पुन्हा कोपऱ्यात नेला. कळ्या पिवळ्या पडू लागल्या. आठवड्यात पाच गळल्या.

रोपवाटिकेतल्या माळ्यानं कपाळावर हात मारला. "काका, बाळंतिणीला असं या खोलीतून त्या खोलीत फिरवतात का? अनंतानं कळी धरली की त्याची जागा हलवायची नाही. आहे तिथे राहू द्या."

उरलेल्या दोन कळ्या होत्या रस्त्याच्या अंगाला. घरातून दिसायचं नावच नको.

त्यांनी गळलेल्या पाचही कळ्या ओंजळीत घेऊन तिच्यापुढे धरल्या. "माझ्या हातून गेल्या गं. आणि उरल्यात त्या तुला दिसायच्या नाहीत. त्याला हलवता येत नाही."

तिनं एक कळी डाव्या हातात घेतली, नाकाशी नेली. वास नव्हता. ती देवाच्या तसबिरीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिला आणि त्यालाच ठाऊक.

मग म्हणाली, "त्याला... नका हलवू. मला हलवा."

"कुठे?"

"दारात. गॅलरीच्या."

"अगं, तिथे रस्त्यावरून सगळं दिसतं. लोक बघतील."

"बघू देत. एकतीस वर्षं पुतळे दाखवलेत." ती दम घ्यायला थांबली. "आता म्हातारी दाखवा."

ते हसले, आणि हसता हसताच तोंड फिरवून डोळे पुसले.

लेक-जावई आले, खाट बाहेर निघाली. उंबऱ्याशी बसेना, म्हणून ती गॅलरीतच आडवी लावायला काचवाल्यांनी आपल्या हातानं विटांच्या पायऱ्या मोडल्या. अर्ध्या कुंड्या जिन्यात गेल्या, राहिल्या त्या जिथे जागा मिळाली तिथे. ना उंचबुटक्याचा मेळ, ना मधली मोकळी जागा. फक्त अनंत जागचा हलला नाही. खाटेचं डोकं त्याच्या शेजारी आलं. पुढच्या दोन दिवसांत एक कळी गळलीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेली एक उमलली. पांढरीशुभ्र, रस्त्याकडे तोंड करून, पण उशीवरून एका बाजूनं पुरी दिसणारी. वास तर थेट आतपर्यंत.

खालून शेजारणीची हाक आली, "अगंबाई! काकू, तुम्ही?"

तिचा डावा हात चादरीकडे गेला. हनुवटीपाशी घुटमळला. मग तो हात चादर सोडून वर उठला आणि वाकड्या तोंडानंच ती म्हणाली, "वर ये. फूल... बघायला."

हे खालून कसं दिसत असेल ते पाहावं म्हणून काचवाल्यांनी सवयीनं पायात चपला घातल्या.

"अहो, निघालात कुठे? इथूनच बघा."

त्यांनी चपला काढल्या आणि खाटेच्या कडेला बसले.

त्यानंतर ती अकरा महिने होती, आणि ती खाट पुन्हा आत गेली नाही. आज तिथे खाट नाही. अनंत सोडून बाकी कुंड्यांची तोंडं मात्र काचवाले अजून रोज सकाळी देवाचं झालं की घराकडे वळवतात. रस्त्यावरून कुणी विचारलं, "काका, आम्हाला नुसत्या पाठीच का हो दाखवता?" तर ते कठड्यावरून वाकून सांगतात, "वर या. इथूनच बघायचं असतं."