हुजूरांचा राजीनामा

नव्वदच्या दशकात आखातात, अदलियातल्या आमच्या ऑफिसात ब्रिटनच्या हुजूर पक्षाचा एकच खंदा समर्थक होता, आणि तो चिपळूणचा होता. हिशेब पाहणारे हे गृहस्थ शतकाच्या सुरुवातीच्या एका ब्रिटिश पुढाऱ्याचं जाडजूड चरित्र दरवर्षी नव्याने वाचत. आम्ही त्यांना हुजूरच म्हणायचो.

पुढारी काही फार मोठा नव्हता. दोन-तीन खाती, बरीच भाषणं, शेवटी लॉर्ड. पण त्याने तीनदा राजीनामा दिला आणि तिन्ही वेळा पंतप्रधानांनी त्याची मनधरणी केली. "राजीनामा असतो तो स्वीकारला जाऊ नये म्हणून," हुजूर चहा ढवळत सांगत. एसी दुरुस्त करणारा कांबळे म्हणे, "हुजूर, इथे आपण सगळे मजूर पक्षाचे. आपला राजीनामा म्हणजे व्हिसा खलास!"

त्या हिवाळ्यात सरकारविरोधी आंदोलन पेटलं होतं आणि शहराबाहेर रस्त्यांवर टायर जळत होते. अशा एका रस्त्याने व्हॅन न्यायला कांबळेने नकार दिला. मॅनेजरने त्याचा व्हिसा कॅन्सल करायला सांगितलं. कांबळेची मुलगी नुकतीच इंजिनिअरिंगला लागली होती.

दुसऱ्या दिवशी हुजूर टाय लावून मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. दार अर्धवट उघडंच होतं.

"कांबळे जाणार असेल, तर मीही जातो."

वर्षअखेरचे हिशेब तोंडावर आले होते आणि ते हुजूरांखेरीज कुणाला कळत नव्हते. सगळं चरित्रातल्यासारखं चाललं होतं. अडचण एवढीच, की मॅनेजरने चरित्र वाचलेलं नव्हतं.

"मी एकच तिकीट काढणार," तो म्हणाला. "कुणाच्या नावाचं, ते तुम्ही सांगा."

हुजूरांचा हात टायच्या गाठीकडे गेला. बाहेर फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

"हुजूर, मागे घ्या," कांबळे दारातून म्हणाला. "मी जातो."

"तू गप्प बैस रे," हुजूर म्हणाले आणि मॅनेजरकडे वळले. "माझ्या नावाचं काढा."

पुढे मी त्यांना विचारलं, तुमच्या पुढाऱ्याने काय केलं असतं? "त्याने तिन्ही वेळा मागे घेतला. म्हणून तर आज माझ्याशिवाय त्याला कुणी ओळखत नाही."

विमानतळावर कुणीतरी म्हणालं, "आता तिकडे काय करणार?"

"विरोधी पक्षात बसणार. बायकोने जागा राखून ठेवलीय."

आम्ही हसलो. कांबळे हसला नाही. त्याने बॅगा ट्रॉलीवर चढवल्या, दोऱ्या पुन्हा एकदा ओढून पाहिल्या आणि मान खाली घालून घाईने निघाला. त्याला ड्यूटी होती.